ग्रीनिच व्हिलेजमधले जुने गे बार: पायी फिरून इतिहास कसा दाखवावा?

जर्सीकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात एका शनिवारी आठ-दहा मराठी लोकांना न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये पायी फिरवायचं आहे. विषय ठरलेला आहे: तिथले समलिंगी बार आणि त्यांचा इतिहास. गटात विशीतली मुलं-मुली आहेत आणि एका मैत्रिणीचे पुण्याहून आलेले आईवडीलही आहेत. सगळे जर्सी सिटीहून पाथ ट्रेनने येतील. वेळ साधारण अडीच तास, आणि नंतर ज्यांना हवं त्यांनी एखाद्या बारमध्ये बसायचं.

विचारायचं ते असं:

१. स्टोनवॉल, म्हणजे १९६९ मध्ये जिथे पोलिसांविरुद्ध उठाव झाला तो बार, सगळ्यांना माहीत आहे. ते सोडून काय दाखवावं आणि कुठल्या क्रमाने?
२. हे बार माफियाच्या हातात का होते? "तेव्हा कायदा कडक होता" एवढंच सगळीकडे वाचायला मिळतं. नेमका कायदा कोणता?
३. भारतातून आलेल्या पाहुण्यांना आत जायला काय लागतं?
४. गाईड लोक सांगतात त्यातल्या कुठल्या गोष्टी खोट्या किंवा तपासून घेण्यासारख्या आहेत?

---

परवानाखिडकी यांचा प्रतिसाद

दुसरा प्रश्न आधी घेतो. तो सुटला की तुम्ही दाखवाल त्या प्रत्येक दाराला अर्थ येईल.

१९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती. त्या काळात व्हिलेजच्या तळघरांतले सगळेच अड्डे बेकायदा होते. पोलिसांच्या लेखी पिणारे सगळे सारखेच, त्यामुळे समलिंगी गिऱ्हाईक त्यात मिसळून जायचं. खरी कोंडी दारूबंदी उठल्यावर झाली. १९३४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्टेट लिकर अथॉरिटी सुरू झाली. परवाना देणं आणि काढून घेणं तिच्या हातात. परवान्याची एक अट अशी होती की मालकाने आपली जागा "बेशिस्त" होऊ द्यायची नाही. समलिंगी व्यक्तीला दारू देऊ नये असं वाक्य कायद्यात कुठेच नव्हतं. अर्थ मात्र तसा लावला गेला: समलिंगी माणसं जमली म्हणजे जागा बेशिस्त झालीच.

अंमलबजावणी कशी व्हायची ते गटाला नीट सांगा. साध्या कपड्यातला पोलीस बारमध्ये येऊन बसायचा, शेजारच्याशी गोड बोलायचा. समोरच्याने "घरी येतोस का" म्हटलं की अटक. त्या माणसाला दंड, नोकरी जाण्याची भीती, आणि तीच अटक मालकाविरुद्ध पुरावा म्हणून अथॉरिटीपुढे. बारमधली सगळी गुंतवणूक त्या एका कागदावर उभी असते, हे परमिट रूमच्या राज्यातून आलेल्यांना वेगळं समजवावं लागणार नाही. साहजिकच सरळ मालक अशा गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवायचा.

मग उरला कोण? ज्याच्याकडे गमवायला परवानाच नाही तो. माफिया इथे शिरला. त्यांची पळवाट होती "बॉटल क्लब". म्हणजे हा खाजगी क्लब आहे, सभासद आपापली बाटली आणतात, आम्ही फक्त ओतून देतो, तेव्हा परवाना लागत नाही असा दावा. त्यासाठी दारात वही ठेवायची, येणाऱ्याने नाव लिहायचं. अर्थात खरं नाव क्वचितच कोणी लिहायचं.

स्टोनवॉल इन याच पद्धतीने १८ मार्च १९६७ ला गे बार म्हणून उघडला. मागे माफियाच्या जेनोव्हीज टोळीशी जोडलेला टोनी लॉरिया आणि त्याचे साथीदार. दाराला डोकावायची फट, खिडक्यांना आतून फळ्या, भिंती काळ्या. शनिवार-रविवारच्या रात्री ३ डॉलर प्रवेश आणि त्यात दोन पेयांची तिकिटं. बारच्या मागे वाहतं पाणीसुद्धा नव्हतं. वापरलेले ग्लास पाण्याच्या टबात बुडवून पुन्हा भरायचे. मागच्या बाजूला बाहेर पडायला दार नव्हतं. दारूत पाणी घातलेलं असायचं. हे सगळं चालायचं कारण गिऱ्हाईक तक्रार घेऊन कुठे जाणार? आरोग्य खात्याकडे गेलं तर स्वतःची ओळख उघड होणार, पोलिसांकडे गेलं तर अटक. आणि दुसरीकडे जोडीने नाचायला मिळत नव्हतं, ते इथे मिळायचं. म्हणून लोक यायचे.

पोलिसांना हप्ता जायचा. त्या बदल्यात छाप्याची आगाऊ खबर मिळायची आणि छापा शक्यतो संध्याकाळी लवकर पडायचा, म्हणजे रात्री धंदा पुन्हा सुरू करता येई. जप्तीत फार माल जाऊ नये म्हणून बाटल्यांचा थोडाच साठा बारवर ठेवत. पोलीस आले की नाचायच्या जागेतले पांढरे दिवे लागायचे. दिवे लागले की जोड्यांनी हात सोडायचे.

२८ जून १९६९ ला हा ठरलेला खेळ चार बाबतींत मोडला. छापा पहाटे १ वाजून २० मिनिटांनी पडला, म्हणजे आत सुमारे २०० माणसं असताना. तो स्थानिक ठाण्याचा नव्हता. डेप्युटी इन्स्पेक्टर सीमोर पाइन यांच्या नीतिमत्ता पथकाचा होता. माल आणि माणसं न्यायला गाड्या वेळेवर आल्या नाहीत. आणि ओळखपत्र तपासून एकेकाला सोडलं, तर ती माणसं घरी न जाता समोर उभी राहिली, आणि त्यातूनच उठाव झाला. छाप्याचं कागदोपत्री कारण विनापरवाना दारूविक्री हेच होतं. २८ पेट्या बिअर आणि १९ बाटल्या दारू जप्त झाली.

तुम्ही जर्सीत राहता म्हणून आणखी एक. १९६७ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की समलिंगी लोक केवळ जमले म्हणून बारवर कारवाई करता येणार नाही. दावा लावणाऱ्या तीन बारपैकी एक न्यू ब्रन्सविकचा होता, "वन इलेव्हन". एडिसनला राहणारे मराठी लोक त्या गावातून रोज जातात. हे नक्की सांगा.

---

चालतीपावलं यांचा प्रतिसाद

वरचा प्रतिसाद छापून खिशात ठेवा. आता रस्ता.

पाथचं ख्रिस्टोफर स्ट्रीट स्टेशन १३७ ख्रिस्टोफर स्ट्रीटला आहे. बाहेर पडल्यावर लगेच पूर्वेकडे वळू नका. दोन-तीन मिनिटं पश्चिमेला, नदीच्या दिशेने वेस्ट स्ट्रीटपर्यंत जा. सत्तरच्या दशकात हा धक्क्याचा भाग होता: रिकामे होत चाललेले धक्के, गोदामं, ट्रक, आणि त्यांच्या समोर लेदर बार, म्हणजे चामड्याचे कपडे घालणाऱ्या समलिंगी पुरुषांचे बार. ३९४ वेस्ट स्ट्रीटला "रॅमरॉड" होता. १९ नोव्हेंबर १९८० ला एकाने त्याच्यासमोर बंदूक चालवली, दोन माणसं मारली गेली. तिथे थांबून ही गोष्ट सांगावी. हा इतिहास फक्त विजयाचा नाही हे पहिल्याच थांब्यावर कळलेलं बरं.

मग ख्रिस्टोफर स्ट्रीटने पूर्वेला. ११४ नंबरला "टाय'ज", १९७२ पासून त्याच जागी. इथे मागे वळून रस्त्याकडे बघायला सांगा. सत्तरच्या दशकात बार हळूहळू बंद खिडक्यांतून बाहेर आले आणि हा अख्खा रस्ता रात्री भेटण्याची जागा झाला.

ब्लीकर स्ट्रीटवरून डावीकडे वळून २११ वेस्ट १०वा रस्ता. या तळघरात "स्नेक पिट" होता. ८ मार्च १९७० च्या पहाटे, म्हणजे स्टोनवॉलनंतर नऊ महिन्यांच्या आत, त्याच पाइन यांनी इथे छापा घातला आणि १६७ लोकांना चार्ल्स स्ट्रीटच्या ठाण्यात नेलं. त्यांतला दिएगो विन्यालेस हा अर्जेंटिनाचा तरुण. परदेशी असल्यामुळे हद्दपारीच्या धास्तीने त्याने ठाण्याच्या खिडकीतून उडी मारली आणि कुंपणाच्या भाल्यांवर पडला. तो वाचला. त्याच रात्री शेकडो लोक ठाण्यावर चालून गेले. व्हिसावर राहणाऱ्या आपल्या मुलांना ही गोष्ट जितकी भिडेल तितकी दुसरी कुठलीही भिडणार नाही. गाईड बहुतेक वेळा इथे येतच नाहीत. तुम्ही या.

तिथून ख्रिस्टोफर पार्क. नकाशात गोंधळ होतो, कारण जनरल शेरिडनचा पुतळा ख्रिस्टोफर पार्कमध्ये आहे आणि शेरिडन स्क्वेअर मात्र शेजारचा दुसरा त्रिकोण आहे. गटाला "पांढऱ्या चार पुतळ्यांपाशी भेटा" एवढंच सांगा. ते जॉर्ज सीगल यांचं शिल्प, दोन पुरुष उभे आणि दोन स्त्रिया बाकावर. १९८० मध्ये तयार झालं, पण विरोधामुळे इथे बसायला १९९२ उजाडलं.

समोर ५१-५३ ख्रिस्टोफर स्ट्रीट. मुळात या दोन घोड्यांच्या पागा, १८४३ आणि १८४६ च्या. १९३० मध्ये दोन्ही जोडून एकच दर्शनी भाग केला: खाली विटा, वर गिलावा. १९६९ चा बार दोन्ही इमारतींत पसरलेला होता. आज बार फक्त ५३ मध्ये आहे. ५१ मध्ये २८ जून २०२४ ला स्टोनवॉल राष्ट्रीय स्मारकाचं अभ्यागत केंद्र उघडलं. फुटपाथ अरुंद आहे, त्यामुळे दहा जणांनी बारच्या दारात उभं राहू नये. पार्कच्या कुंपणाच्या आतून समोर बघत बोलावं.

पार्कमध्ये उभे असतानाच रस्त्यांची रचना दाखवा. १९१० च्या दशकात सेव्हन्थ ॲव्हेन्यू या जुन्या वाकड्या गल्ल्यांतून तिरका कापून नेला आणि त्याच्याखाली भुयारी रेल्वे आली. म्हणून इथे एवढे त्रिकोण आणि तुटके कोपरे. १९६९ च्या त्या रात्रींना दंगलविरोधी पथक एका बाजूने रेटा द्यायचं आणि मुलं गल्लीला वळसा घालून त्यांच्या पाठीमागे निघायची. सरळ चौकोनी रस्त्यांच्या भागात हे जमलं नसतं. गटातल्या दोघांना पळवून दाखवलंत तर सगळ्यांच्या लक्षात राहील.

आता सगळ्यात महत्त्वाचा थांबा: "ज्युलियस", १५९ वेस्ट १०वा रस्ता, वेव्हर्ली प्लेसच्या कोपऱ्यावर. इमारत १८२६ ची. २१ एप्रिल १९६६ ला मॅटाशीन सोसायटी या समलिंगी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे डिक लाइच, क्रेग रॉडवेल आणि जॉन टिमन्स सोबत पत्रकार घेऊन निघाले. बेत असा: बारमध्ये जायचं, आम्ही समलिंगी आहोत, शांतपणे बसणार आहोत, आम्हाला दारू द्या असं सांगायचं, आणि नकार मिळाला की अथॉरिटीकडे तक्रार करायची. पण नकार मिळेना. सेंट मार्क्स प्लेसच्या पहिल्या जागेला आधीच सुगावा लागला होता, ती बंद सापडली. पुढच्या दोन जागांनी सरळ दारू दिली. शेवटी ते ज्युलियसला आले, कारण तिथे नुकतीच अटक झालेली होती आणि मालक धास्तावलेला असणार हे त्यांना माहीत होतं. तोवर कार्यकर्ते रँडी विकरही येऊन मिळाले. बारमनने ग्लास पुढे ठेवला आणि मग त्यावर हात ठेवला. छायाचित्रकार फ्रेड मॅकडारा यांनी नेमका तो क्षण टिपला. फोटो मोबाइलवर घेऊन ठेवा आणि दारापाशी दाखवा.

यात शिकण्यासारखी पद्धत आहे. परवान्याच्या अटीने नाडलं जातंय ना, मग त्या अटीलाच पकडायचं. नकाराचा पुरावा मिळाल्यावर अथॉरिटीला जाहीरपणे म्हणावं लागलं की आमचा असा काही नियम नाही.

पुढे गे स्ट्रीटच्या कोपऱ्यावर १५ ख्रिस्टोफर स्ट्रीट. क्रेग रॉडवेल यांनी १९६७ मध्ये मर्सर स्ट्रीटवर सुरू केलेलं, ऑस्कर वाइल्डच्या नावाचं समलिंगी साहित्याचं दुकान १९७३ मध्ये इथे आलं, २००९ ला बंद झालं. मग ग्रीनिच ॲव्हेन्यूवरची जेफरसन मार्केटची बाग. १९३२ ते १९७१ इथे स्त्रियांचा तुरुंग होता, आणि स्टोनवॉलच्या रात्री आतल्या बायका खिडक्यांतून ओरडून साथ देत होत्या. बाग बघून शेवटचा पल्ला उत्तरेला: सेंट व्हिन्सेंट रुग्णालयाच्या जागेसमोरचं एड्स स्मारक, आणि २०८ वेस्ट १३वा रस्ता, म्हणजे एलजीबीटी कम्युनिटी सेंटर. ऐंशीच्या दशकात यांतल्या बऱ्याच बारचे नेहमीचे चेहरे त्या रुग्णालयात शेवटचे दिसले. स्मारकापाशी बाकं आहेत, काका-काकूंना तिथे बसवा आणि दहा मिनिटं काही बोलू नका.

---

सातवीगल्ली यांचा प्रतिसाद

वरच्या रस्त्यात बायका राहिल्या.

सेव्हन्थ ॲव्हेन्यू साउथ आणि ग्रोव्ह स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, स्टोनवॉलपासून मिनिटभरावर, १९७२ ते १९८२ "डचेस" हा लेस्बियन बार होता. तो बंद पडला कारण परवाना गेला, आणि परवाना गेला कारण पुरुषांना दारू द्यायला नकार दिला. १९३४ पासून जे हत्यार समलिंगी गिऱ्हाइकांवर चाललं तेच इथे भेदभावविरोधी नियमाच्या नावाने बायकांच्या निवांत जागेवर चालवलं गेलं. @परवानाखिडकी यांच्या मांडणीत हे जोडाच.

त्याआधीचा "सी कॉलनी", एट्थ ॲव्हेन्यूवर, पन्नास-साठच्या दशकात. तोही माफियाचा. तिथे शौचालयात एका वेळी एकीलाच सोडायचे आणि दारावरची बाई टॉयलेट पेपर हातात मोजून द्यायची. हप्ते, छापे यांपेक्षा हा एक तपशील ऐकणाऱ्याला त्या काळाबद्दल जास्त सांगतो.

सगळ्यात जुनी जागा १२९ मॅकडूगल स्ट्रीट. पोलंडहून आलेल्या ज्यू ईव्ह ॲडम्स हिने १९२५ मध्ये इथे चहाघर काढलं. जून १९२६ मध्ये एका स्त्री पोलिसाने ओळख वाढवून तिला पकडलं, अश्लीलतेचा खटला झाला, तुरुंगवासानंतर हद्दपारी. १९४३ मध्ये ती आउश्वित्झला मारली गेली. वॉशिंग्टन स्क्वेअरच्या दक्षिणेला असल्यामुळे ही जागा रस्त्यात बसत नाही. बाकी सगळं संपल्यावर ज्यांचे पाय चालतात त्यांना न्या.

आजही चालू असलेल्या दोन: "हेन्रिएटा हडसन", ४३८ हडसन स्ट्रीट, १९९१ पासून, आणि "कबीहोल", २८१ वेस्ट १२वा रस्ता, १९९४ पासून. कबीहोल इतकं छोटं आहे की शनिवारी रात्री दहा जणांना एकत्र जागा मिळणं अवघड. संध्याकाळी लवकर जा. छताला टांगलेल्या रंगीबेरंगी कागदी वस्तू बघण्यासारख्या आहेत.

---

गल्ल्याजवळ यांचा प्रतिसाद

तिसरा प्रश्न. वय २१ पूर्ण हवं. भारतीय पाहुण्यांनी मूळ पासपोर्ट खिशात ठेवायचा. आधार, पॅन, पासपोर्टची झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो दारावर चालेल असं धरून चालू नका. साठीच्या माणसालाही ओळखपत्र विचारतात, त्यात अपमान काही नाही, काका-काकूंना आधी सांगून ठेवा. मुदत संपलेलं कुठलंही ओळखपत्र कामाचं नाही.

रोख रक्कम जवळ ठेवा, एक-एक डॉलरच्या नोटांसह. प्रत्येक पेयामागे बारमनला एक-दोन डॉलर, आणि हिशेब शेवटी एकदम देणार असाल तर १८ ते २० टक्के. दारू न पिणाऱ्याने सोडा-लिंबू घ्यावं आणि त्यावरही टिप द्यावी. तिथल्या माणसांची बरीचशी कमाई टिपांवरच असते. नुसतं आत शिरून, फोटो काढून बाहेर पडणारे गट या बारना नकोसे झालेत. लोकांचे चेहरे येतील असे फोटो काढू नका. आजही तिथे असे लोक बसलेले असतात ज्यांच्या घरी काही माहीत नाही.

न्यूयॉर्क शहरात दारूविक्री पहाटे ४ ला थांबते. पण दहा जणांच्या गटासाठी चांगली वेळ दुपारी चार ते सहा. तेव्हा ज्युलियसमध्ये बसायला जागा मिळते, आवाज कमी असतो, आणि तिथलं बर्गर खाऊन जेवणही होतं. शाकाहारी मंडळींनी मात्र आधी दुसरीकडे खाऊन यावं.

"मेरीज क्रायसिस", ५९ ग्रोव्ह स्ट्रीट, तळघरात आहे. पायऱ्या उतरून जावं लागतं, आत उकडतं, गुडघे दुखणाऱ्यांनी टाळावं. बाकीच्यांनी चुकवू नये. मधोमध पियानो, भोवती लोक, आणि संगीतनाटकांतली गाणी सगळे मिळून म्हणतात. पियानो वाजवणाऱ्यासाठी ठेवलेल्या बरणीत पैसे टाकायचे. एकट्याने मोठ्याने गाऊन दाखवायची ती जागा नाही, सुरात सूर मिसळायचा. अमेरिकन क्रांतीच्या काळातले लेखक थॉमस पेन १८०९ मध्ये याच जागेवरच्या घरात वारले, नावातलं "क्रायसिस" त्यांच्या लेखनावरून आलं.

बाटली किंवा ग्लास घेऊन फुटपाथवर उभं राहणं बेकायदा आहे. पहिल्यांदा येणारे हमखास इथेच चुकतात.

---

कागदपत्रे यांचा प्रतिसाद

चौथ्या प्रश्नाबद्दल. "पहिली वीट अमुक व्यक्तीने फेकली" हे कोणाच्याही नावाने सांगू नका. उठावाशी नेहमी जोडल्या जाणाऱ्या ट्रान्स कार्यकर्त्या मार्शा पी. जॉन्सन यांनी स्वतः सांगितलं होतं की त्या पोहोचल्या तेव्हा गोंधळ सुरू झालेला होता. त्यांचं आणि त्यांच्या सहकारी सिल्व्हिया रिव्हेरा यांचं मोठं काम पुढचं आहे: १९७० मध्ये रस्त्यावर राहणाऱ्या ट्रान्स आणि समलिंगी मुलांसाठी त्यांनी "स्टार" ही संघटना उभी केली. हे ठासून सांगा, विशेषतः आता. फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय स्मारकं सांभाळणाऱ्या नॅशनल पार्क सर्व्हिसने स्टोनवॉल स्मारकाच्या संकेतस्थळावरून ट्रान्सजेंडर हा उल्लेखच काढून टाकला. जिथून तो काढला गेला तिथेच उभं राहून तुम्ही तो उच्चारायचा आहे.

गायिका-अभिनेत्री जूडी गार्लंडच्या अंत्यविधीमुळे उद्रेक झाला ही गोष्ट सोडून द्या. अंत्यविधी २७ जूनला झाला हे खरं, पण त्या रात्री रस्त्यावर असलेली बहुतेक मुलं तिच्या पिढीची चाहती नव्हती, आणि राग साचायला त्याच आठवड्यात मंगळवारी पडलेला आधीचा छापा पुरेसा होता.

"हा पहिला उठाव" असंही म्हणू नका. सॅन फ्रान्सिस्कोत ऑगस्ट १९६६ मध्ये कॉम्पटनच्या कॅफेटेरियात ट्रान्स स्त्रिया पोलिसांशी भिडल्या होत्या. स्टोनवॉलचं वेगळेपण पुढच्या वर्षी दिसतं: २८ जून १९७० ला लोक व्हिलेजमधून निघून सेंट्रल पार्कपर्यंत चालत गेले आणि तारीख कायमची झाली.

"अंगावर आपल्या लिंगाचे तीन कपडे हवेत असा कायदा होता" हे सगळे सांगतात. असं कलम नव्हतं. वापरलं जायचं ते १८४५ चं वेषांतराविरुद्धचं कलम, आणि ते मुळात झालं होतं हडसन खोऱ्यातल्या कुळांविरुद्ध, जी खंडवसुली करणाऱ्या अधिकाऱ्यांना वेष बदलून पळवून लावत. शेतकऱ्यांच्या बंडासाठी केलेला कायदा सव्वाशे वर्षांनी ड्रॅग क्वीनवर, म्हणजे स्त्रीवेष करणाऱ्या पुरुषांवर लावला गेला. दंतकथेपेक्षा ही खरी हकीकत कितीतरी जास्त सांगते. गे स्ट्रीटच्या नावाचाही या इतिहासाशी संबंध नाही, नाव फार जुनं आहे.

आणि आजचा स्टोनवॉल म्हणजे अखंड चालत आलेला बार नव्हे. १९६९ मध्येच तो बंद पडला. मधल्या काळात त्या जागेत बेगलचं दुकान, चिनी खाणावळ, चपलांचं दुकान असं बरंच काही होऊन गेलं. आतलं काहीही त्या रात्रीचं नाही. बाहेरचा दर्शनी भाग टिकला त्याचं एक कारण म्हणजे २९ एप्रिल १९६९ ला, उठावाच्या दोनच महिने आधी, शहराने ग्रीनिच व्हिलेज ऐतिहासिक विभाग जाहीर केला होता. दोन हजारांहून जास्त इमारती त्यात आल्या. स्टोनवॉलला स्वतःच्या इतिहासासाठी शहराचा ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला तो २०१५ मध्ये, राष्ट्रीय स्मारक २०१६ मध्ये, आणि ज्युलियसला शहराचा दर्जा डिसेंबर २०२२ मध्ये.

पण हा दर्जा विटांना मिळतो, धंद्याला मिळत नाही. दर्शनी भाग बदलायला परवानगी लागते. आत बार राहतो की बँक येते यावर हा दर्जा देणाऱ्या शहराच्या लँडमार्क्स आयोगाचा ताबा नाही. भाडं परवडलं नाही की बार जातो आणि सुंदर दर्शनी भाग तेवढा उरतो. व्हिलेजमध्ये हे वारंवार झालंय.

---

जर्सीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. परवान्याचा धागा हाच फेरफटक्याचा कणा ठेवतो. दोन शंका: काका-काकूंना चालायला किती होईल? आणि आपल्या लोकांचा इथे काही माग आहे का?

---

चालतीपावलं

वेस्ट स्ट्रीटपासून १३व्या रस्त्यापर्यंत सगळे वळसे धरून दीड ते दोन मैल. जमीन सपाट आहे, पण जुने फुटपाथ उंचसखल आहेत, चपला नकोत, बूट हवेत. काका-काकूंना स्नेक पिट गाळून थेट ख्रिस्टोफर पार्कात बसवता येईल. परतताना १३व्या रस्त्यावरून पुन्हा ख्रिस्टोफर स्ट्रीटला यायची गरज नाही, सिक्स्थ ॲव्हेन्यूवर १४व्या रस्त्याचं पाथ स्टेशन जवळ पडतं. जूनचा शेवटचा रविवार मात्र टाळा. त्या दिवशी प्राइडची मिरवणूक असते, ख्रिस्टोफर स्ट्रीटवर कठडे लागतात आणि गट एकत्र ठेवणं अशक्य होतं. पाऊस आला तर आधी कम्युनिटी सेंटर गाठा आणि तिथून उलट्या क्रमाने या. तिथे दुसऱ्या मजल्यावरच्या जुन्या शौचालयात चित्रकार कीथ हॅरिंग यांनी १९८९ मध्ये रंगवलेल्या भिंती आहेत. बघायची वेळ आधी विचारून घ्या.

---

कागदपत्रे

आपल्या लोकांबद्दल: साल्गा ही दक्षिण आशियाई समलिंगी लोकांची संघटना न्यूयॉर्कमध्ये १९९१ मध्ये सुरू झाली. नव्वदच्या दशकात भारतीय स्वातंत्र्यदिनाच्या मॅडिसन ॲव्हेन्यूवरच्या परेडमध्ये त्यांना चालू दिलं नाही, तेव्हा ते बाहेर उभे राहून फलक दाखवत. बारच्या दारात नाकारले गेलेल्यांची गोष्ट सांगताना आपल्याच मंडळांनी नाकारलेल्यांची ही गोष्टही सांगा. मराठी मंडळाचे लोक ऐकणार आहेत, तर इथेच ती सांगायला हवी.

तयारीसाठी तीन गोष्टी घरबसल्या मिळतील. शहराच्या म्युनिसिपल अर्काइव्हजमध्ये १९३९ ते १९४१ दरम्यान करआकारणीसाठी काढलेले जवळपास प्रत्येक इमारतीचे फोटो आहेत, आणि ऐंशीच्या दशकातलेही. इमारतीचे ब्लॉक आणि लॉट नंबर (शहराचे मालमत्ता क्रमांक) शोधून प्रत्येक थांब्याचे दोन्ही फोटो उतरवून घ्या आणि जागेवर धरून दाखवा. लँडमार्क्स आयोगाचे स्टोनवॉल आणि ज्युलियसवरचे अहवाल फुकट वाचता येतात, इमारतीच्या वर्षांसाठी गाईडपेक्षा त्यांच्यावर भरवसा ठेवा. आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या डिजिटल संग्रहात डायना डेव्हिस यांचे १९६९-७० चे फोटो आहेत. त्यांत मोर्च्यांतले चेहरे स्पष्ट दिसतात. काकूंना ते आदल्या रात्री दाखवा.